पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सातवीच्या मुलांकडे द्या

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा दिवस २०१५ पासून आपल्या राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ठाण्यातल्या दोन-चार शाळांची तरी छायाचित्रे असतात. मुले पटांगणात ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, मागे फलक. या उपक्रमाविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या दिवशीच्या दुपारविषयी आहे. गेल्या खेपेस ठाण्यातील एका शाळेत मी त्या दिवशी हजर होते. छायाचित्रे काढून झाली, मग बाई वर्गावर्गांतून फिरल्या, पुस्तके मोजून गोळा केली, सहावी ‘ब’मध्ये एक कमी भरले म्हणून साऱ्या वर्गाची दप्तरे रिकामी करायला लावली, ते पुस्तक अखेर एका बाकाच्या कप्प्यात सापडले, आणि सगळा गठ्ठा मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या गोदरेजच्या कपाटात जाऊन त्याला कुलूप लागले. ज्या मुलाच्या कप्प्यात पुस्तक सापडले त्याला ते चोरायचे नव्हते. त्याची गोष्ट अर्धी राहिली होती. हे त्याने मला मधल्या सुट्टीत सांगितले, बाईंना मात्र सांगितले नाही.

मी ठाण्यातच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे नोकरी केली. पहिली बरीच वर्षे देवघेवीच्या खिडकीवर आणि शेवटची काही ग्रंथपाल म्हणून. निवृत्तीनंतर आठवड्यातल्या दोन दुपारी या शाळेत जाते. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण तिच्यात जे चालते ते बहुतेक शाळांत चालते आणि तिथल्या शिक्षिका मला अनेकींपेक्षा अधिक कष्टाळू वाटतात. मुले वाचत नाहीत आणि मुलांना जबाबदारीची जाणीव नाही, ही दोन वाक्ये पालकसभेत मी निरनिराळ्या तोंडून ऐकली आहेत. पहिल्यावर उपाय म्हणून स्पर्धा भरवतात आणि दुसऱ्यावर उपाय म्हणून व्याख्यान ठेवतात. माझे म्हणणे एवढेच आहे की सहावी ते आठवीच्या मुलांपुरते तरी हे दोन प्रश्न एकाच कुलपात अडकलेले आहेत, आणि ते कुलूप त्या मुलांनीच उघडायला हवे.

आधी ते कुलूप का लागते, हे पाहू. शाळेतली पुस्तके डेडस्टॉकमध्ये, म्हणजे बाके-कपाटांसारख्या कायमच्या मालमत्तेत, धरली जातात. ज्या शिक्षिकेकडे ग्रंथालयाचा चार्ज असतो तिने वर्षअखेरीस दाखल नोंदवहीशी प्रत्येक पुस्तक ताडून पाहायचे; चार्ज दुसऱ्याकडे देताना संख्या जुळली नाही तर खुलासा लिहायचा, आणि खुलासा पटला नाही तर पदरचे पैसे भरायचे, ही भीती प्रत्येकीच्या मनात घर करून असते. पैसे खरोखर कितीजणींना भरावे लागले हा भाग वेगळा; भीतीला तेवढा पुरावा लागत नाही. अशा वेळी शहाणी बाई काय करील? पुस्तक कुणाला देणारच नाही. वर्षभर न उघडलेल्या कपाटात एकही पुस्तक हरवत नाही, सगळ्या नोंदी जुळतात आणि तपासणीत शेरा उत्तम मिळतो. आतल्या पुस्तकांना कसर लागली तरी संख्या कमी होत नाही.

ग्रंथालयाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रकार फार खटकतो. डॉ. शि. रा. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली त्यांतले पहिलेच सूत्र पुस्तके वापरासाठी असतात असे सांगते. युरोपात एके काळी पुस्तके लोखंडी साखळ्यांनी फळीला जखडून ठेवीत. निदान त्या साखळीच्या लांबीइतके तरी पुस्तक वाचकाच्या हाती येत असे.

तूट ही वापराची सावली आहे, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील २१५ व्या नियमात असे म्हटले आहे की वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची तूट वाजवी समजावी. अट अशी की ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीमुळे झालेली नसावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, ठाण्यातल्या महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेला तो आपोआप लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यातला हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. कपाटात चारशे पुस्तके आहेत आणि प्रत्येक पुस्तक वर्षात पाच मुलांकडे गेले असे धरले तर दोन हजार वेळा देवघेव होते आणि दहा पुस्तकांची तूट वाजवी ठरते. म्हणजे पुस्तके जितकी फिरतील तितकी सूट वाढते. कपाट बंद ठेवणाऱ्याला सूट शून्य. आपल्या शाळांत नेमके याच्या उलट होते.

आता कायद्याकडे वळते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी भाषा, विज्ञान व गणित आणि सामाजिक शास्त्रे यांचे शिक्षक, पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आणि शंभरांहून अधिक मुले असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. ग्रंथपाल मात्र कुठेच नाही. कायद्याने ग्रंथालय दिले आणि ते चालवायला माणूस दिला नाही, म्हणून ते काम मराठीच्या बाईंच्या गळ्यात पडते, ज्यांच्याकडे आधीच वर्ग, पेपर आणि निवडणुकीची यादी असते. (त्याच कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नका असे सांगते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करते, आणि अपवादच वर्षभर पुरतात.) अशा बाईंना मी आणखी एक उपक्रम सुचवला असता तर त्यांनी हात जोडले असते. मी त्यांच्याकडचे एक काम काढून घ्यायला निघाले होते.

मुख्याध्यापिकांशी बोलायला मी दिवाळीनंतर गेले. मागणी साधी होती. कपाट त्यांच्या खोलीतून काढून दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवायचे, किल्ली सातवीतल्या चार मुलांकडे द्यायची, देवघेवीची वही त्यांनीच ठेवायची आणि वर्षात दहापर्यंत पुस्तके हरवली तर कुणालाही जाब विचारायचा नाही. शेवटच्या अटीवर त्या थांबल्या. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेऊ या असे ठरले. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे त्या दिवशी बैठकीला आलेल्या बायकांपैकी एकीने, ज्या स्वतः घरोघरी पोळ्या लाटायला जातात, सरळ विचारले की कपाटात ठेवून तरी पुस्तकांचे काय लोणचे घालणार आहात? ठराव झाला, वहीत लिहिला गेला आणि त्यावर सह्या झाल्या. हा कागद सगळ्यांत महत्त्वाचा. चार्ज असलेल्या बाईंचा चेहरा त्या सह्यांनंतर जसा सैल झाला, तसा तो माझ्या कुठल्याही युक्तिवादाने झाला नव्हता.

चार मुले कोणती घ्यावीत यावर थोडा वाद झाला. शिक्षकांनी पहिल्या चार क्रमांकांची नावे सुचवली. मी म्हटले, दोन मुले त्यांतली घ्या आणि दोन अशी घ्या की ज्यांची तक्रार तुमच्या खोलीत रोज येते. हा काही मोठा मानसशास्त्रीय शोध नव्हे. देवघेवीच्या खिडकीवर गर्दी आवरायला दांडगा मुलगा लागतो, एवढा व्यवहार त्यात होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी वहीला रकाने आखले, पुस्तकांचे क्रमांक तपासले आणि त्यांच्या लक्षात आले की कपाटात सहावी-सातवीच्या मुलाने आपण होऊन उचलावे असे पुस्तक फार थोडे आहे. थोरांची चरित्रे होती, कुणीतरी देणगी दिलेली स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शके होती, उपदेशपर पुस्तिका होत्या आणि एकाच कोशाचे तिसरे व सातवे खंड होते. मुलांना हवे होते भुतांचे, किल्ल्यांचे, क्रिकेटचे, कोड्यांचे. एका मुलाने पाककृतीचे पुस्तक नेले आणि आठवडाभर ते परत केले नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मी माझ्या घरून आणि शेजारून जमवून दिले. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचा एक गुण असा की त्याचा कुठलाही अंक मधूनच उघडला तरी चालतो, आणि न वाचणाऱ्या मुलाला सुरुवात करायला असेच काही तरी लागते.

नियमांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. उशिरा पुस्तक आणल्यास रोज एक रुपया दंड, हा माझ्या नोकरीतल्या सवयीचा नियम मी सुचवला. त्यावर चौघांपैकी एक मुलगी म्हणाली, “पण बाई, रुपया तर आईच देणार ना? मग दंड आईलाच झाला.” एकतीस वर्षे मी दंड गोळा केला, पावत्या फाडल्या, पण हे मला कधी सुचले नव्हते. मुलांनी ठरवले की उशीर करणाऱ्याने छोट्या सुट्टीत देवघेवीच्या टेबलावर बसून तारखेचे शिक्के मारायचे. पंधरा दिवसांत उशिरा येणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढली. शिक्का मारायला मिळतो म्हणून मुले मुद्दाम उशीर करू लागली होती! मग चौघांनी पुन्हा बैठक घेतली आणि शिक्षा बदलली: उशीर करणाऱ्याने तीन पुस्तकांना खाकी कागदाचे कव्हर घालून, पाठीवर क्रमांक लिहून आणायचे. कव्हर घालणे कुणालाच आवडत नाही, त्यामुळे हा नियम टिकला आणि कपाटातली पुस्तकेही एकसारखी दिसू लागली.

सगळे सुरळीत झाले असे चित्र मी रंगवणार नाही. चौघांतल्या एकाने आपल्या मित्रांना नोंद न करता पुस्तके दिली. ते उघडकीस आल्यावर भांडण झाले आणि आठवडाभर किल्ली परत कार्यालयात गेली. त्या आठवड्यात मी आणि बाई दोघींनीही त्यात न पडण्याचे ठरवले, आणि मला कबूल केले पाहिजे की ते फार कठीण गेले, कारण मोठ्या माणसाला असे भांडण पाच मिनिटांत मिटवता येते. मुलांना त्याला पाच दिवस लागले. दोन पुस्तके कायमची गेली. ती एका भाऊ-बहिणीकडे होती. वागळे इस्टेटकडे भाड्याच्या खोलीत राहणारे हे कुटुंब, अकरा महिन्यांचा करार संपला तसे दुसरीकडे गेले आणि मुलांची शाळाही बदलली. वहीत त्या दोन ओळींपुढे मुलांनी ‘गावाला गेले’ असे लिहिले आहे. आमच्या शास्त्रात याला, म्हणजे गेलेले पुस्तक नोंदीतून कमी करण्याला, ‘निर्लेखन’ म्हणतात.

आणि जुलैतली एक गोष्ट. कळव्याहून येणाऱ्या सहावीतल्या एका मुलीच्या दप्तरातले पुस्तक पावसात पार भिजले. तिने ते परत आणले तेव्हा ते फुगून दुप्पट झाले होते. प्रत्येक दोन पानांमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालून तिने ते चार रात्री गादीखाली ठेवले होते, तरी पाने लाटांसारखी झाली होती. पहिल्या पानावर पेन्सिलीने तिने लिहिले होते, ‘हे पुस्तक माझ्याकडून भिजले आहे. सगळी अक्षरे वाचता येतात.’ खाली नाव, इयत्ता आणि तुकडी. ते पुस्तक आता मिटत नाही आणि कपाटात त्याला दोन पुस्तकांची जागा लागते. पुस्तक मुलीच्या हाती आले नसते तर ते भिजले नसते, हे खरेच आहे; पण मग ती ओळ लिहिण्याची वेळही तिच्यावर आली नसती. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर सुविचार लिहून मिळत नाही ते तिला इथे मिळाले.

हे नेमके याच वयात का करावे, याचे उत्तर शाळेच्या फाटकाशी उभे राहिले की मिळते. नौपाड्यातल्या कुठल्याही शाळेबाहेर सकाळी साडेदहाच्या सुमारास उभे राहावे. विसरलेला डबा, विसरलेली प्रयोगवही, विसरलेला चित्रकलेचा कागद घेऊन आई, आजोबा किंवा ओळखीचा रिक्षावाला येतो आणि शिपायाकडे देऊन जातो. गृहपाठ आता मुलाला लिहून आणावा लागत नाही. तो आईच्या व्हॉट्सअॅपवर येतो. करोनाच्या २०२० सालात शाळा बंद झाल्या तेव्हा ही सोय नाइलाजाने झाली, ती शाळा उघडल्यावरही राहिली. त्यामुळे उद्या काय आणायचे आहे हे बारा वर्षांच्या मुलाला माहीत नसते आणि माहीत असण्याची गरजही नसते. उद्या तो गृहपाठ विसरला तर चुकते ती आई. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरीत आणि मुले ओशाळून पुढे स्वतःच आवरू लागत, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. गुरुजींनी आवरलेली खोली मुलाला लाजवीत असे. आज आईने फाटकाशी आणून दिलेली वही कुणाला लाजवीत नाही, कारण ती रोजचीच झाली आहे.

वाचनाचेही याच वयात फिसकटते. पाचवीपर्यंत चित्रांची, मोठ्या अक्षरांची पुस्तके असतात आणि घरी कुणी तरी वाचून दाखवते. सहावीत विषयागणिक शिक्षक बदलतात, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका येतात, शिकवणी लागते आणि चित्रांचे पुस्तक हाती घेतले तर वर्गात हसे होते. मोठ्यांची कादंबरी तर अजून पेलत नाही. अशा अधल्यामधल्या वयात शाळा जे देते ते बहुधा पुस्तक परीक्षणाची स्पर्धा असते. अशा दोन स्पर्धांचे कागद मी तपासले आहेत. निम्म्याहून अधिक मुलांनी पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला होता, एकाने तर शेवटी किंमतही लिहिली होती. त्यात मुलांचा दोष मला दिसत नाही. वाचलेल्या प्रत्येक पानाचा हिशेब द्यावा लागणार असेल तर कोण आनंदाने वाचील? आपण मोठी माणसे वर्तमानपत्र वाचून त्यावर दहा ओळी लिहून देतो का? (हे पत्र अपवाद समजावे.) म्हणून आमच्या कपाटाला एकच पथ्य आहे: पुस्तक परत करताना मुलाला त्याविषयी काहीही विचारायचे नाही. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकायचे. किल्लीवाल्या मुलांनी हे पथ्य माझ्यापेक्षा चांगले पाळले आहे.

वेळ नाही, अशी हरकत नेहमी घेतली जाते. सहावी ते आठवीला कायद्याप्रमाणे वर्षात किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन व्हावे लागते. आठवड्यातली पस्तीस मिनिटांची एक तासिका केवळ वाचनाला दिली तर वर्षाकाठी फार तर बावीस तास होतात, म्हणजे शंभरांतले दोन. एरवी ऑफ तासाला कुणी तरी शिक्षक केवळ शांतता राखायला वर्गावर जातातच. त्या तासिकेत शिक्षकांनीही आपले पुस्तक घेऊन बसावे एवढी मात्र माझी विनंती आहे; मुलांना वाचायला सांगून स्वतः पेपर तपासत बसले की मुलांना जे कळायचे ते कळते.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून दुसरी हरकत येते, ती अशी की मुलांना मराठी पुस्तके वाचवत नाहीत. हिरानंदानी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत राहणारे माझे नातेवाईक हे मोठ्या कौतुकाने सांगतात, तेव्हा मला त्यातले कौतुक कळत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्याच मंडळींनी समाजमाध्यमांवर पेढे वाटले होते. पण कपाटाच्या बाबतीत मी भाषेचा हट्ट धरत नाही. त्यात इंग्रजी पुस्तके असावीत, हिंदी असावीत. किल्ली मुलांकडे असली की कोणती पुस्तके फिरतात ते वहीत आपोआप दिसते आणि पुढच्या खरेदीला अटकळ बांधावी लागत नाही.

ठाण्याला तर या कामात परके काही मागायला जाण्याची गरज नाही. वि. ल. भावे यांनी १८९३ साली आपल्या याच गावात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन वेळा साहित्य संमेलने इथे भरली. ग्रंथ घरापर्यंत नेण्याची परंपराही आपलीच आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या आणि आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत तेच केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत अशी तरतूद आहे. सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम असे स्थानिक व्यवसाय मुलांनी पाहावेत हा त्यामागचा हेतू. त्यांतला एक दिवस एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात का घालवू नये? पुस्तके पाहायला नव्हे. ती शाळेतही दिसतात. दाखल नोंद कशी होते, बांधणी कशी उसवते आणि कशी शिवतात, हरवलेल्या पुस्तकाचे काय करतात, एका बाईंच्या डोक्यात हजारो पुस्तकांच्या जागा कशा राहतात, हे पाहायला. ग्रंथालय हाही एक धंदा आहे आणि तो पाहणाऱ्या मुलांपैकी एखादे पुढे त्यात आले तर आमची रिकामी होत चाललेली पदे भरणाऱ्याची वाट पाहताहेतच. अर्थात सरकारने ती भरायची ठरवली तर.

माझी मागणी ठाणे महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि खासगी शाळांच्या व्यवस्थापनांकडे आहे. पैशांची नाही. हजार देवघेवींमागे पाच पुस्तकांपर्यंतची तूट निर्लेखित करण्याचा अधिकार शाळेला द्यावा आणि तो लेखी द्यावा. तोंडी आश्वासनावर कुठलीही शिक्षिका कुलूप उघडणार नाही आणि तिने उघडूही नये. तपासणीच्या वेळी पुस्तके किती आहेत हे विचारतात तसे वर्षात किती वेळा दिली गेली तेही विचारावे. हा एक प्रश्न तपासणीच्या नमुन्यात वाढवायला कुठलाही निधी लागत नाही, पण ज्या शाळेच्या वहीत देवघेवीचा रकाना कोरा असेल तिला पुढच्या खेपेपर्यंत त्याचे काही तरी करावे लागेल. पालकांकडे माझे मागणे याहून अवघड आहे. शाळेचे पुस्तक मुलाने घरी विसरले तर ते फाटकाशी आणून देऊ नये. त्याला तीन कव्हरे घालू द्यावीत, आणि खाकी कागदही त्यालाच दुकानातून आणू द्यावा.

गेल्या वर्षीचे चौघे आता आठवीत गेले. जूनमध्ये त्यांनी किल्ली नव्या सातवीकडे सोपवली आणि सोपवण्याआधी चार्ज देतात तशी पुस्तके एकेक करून मोजून दिली. मी शेजारी बसून होते, मला कुणी काही विचारले नाही. नव्या चौघांत सहावी ‘ब’मधला तो मुलगा आहे, ज्याची गोष्ट अर्धी राहिली होती.

आपल्याकडेही एक विनंती आहे. येत्या वाचन प्रेरणा दिनाला आपला छायाचित्रकार शाळांत जाईलच. त्याला शक्य झाल्यास १६ तारखेला पाठवावे, सकाळचे अधिवेशन सुटायच्या सुमारास, आणि पुस्तकांचे कपाट कुठे आहे व त्याची किल्ली कुणाकडे आहे एवढेच विचारायला सांगावे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
नौपाडा, ठाणे (प.)